डिझेल गळत नव्हतं, हवा शिरत होती
साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढताना आमची जुनी डिझेल जीप मध्येच बसायची. सकाळी तर इंजिनावरचा डिझेल ओढायचा छोटा हातपंप मारल्याशिवाय सुरूच होत नसे. मेकॅनिक थेट इंजिनात डिझेल फवारणारा मुख्य पंप उतरवायला निघाला, मी थांबवलं. डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा (एअर) काढली की गाडी काही वेळ झकास पळायची, मग पंपावर एवढ्यात संशय कशाला?

टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळी जोडून इंजिन चालू ठेवलं, तर बुडबुडेच बुडबुडे! टाकी ते फीड पंप या भागात डिझेल ओढलं जातं. त्यामुळे चालू गाडीत फटीतून तेल बाहेर येत नाही, हवाच आत जाते. टाकीजवळची रबरी नळी क्लिपखाली तडकली होती. नळी, क्लिप बदलली. डिझेल फिल्टरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून फेस थांबेपर्यंत हातपंप मारला. गाडी ठीक झाली.

डिझेलची नळी जोडणारा पोकळ बोल्ट, म्हणजे बँजो बोल्ट, उघडलात तर तांब्याचे वॉशर नवेच टाका. जुने पुन्हा नीट बसत नाहीत.