कायनेजचा पाथवे पाठ करू नका, असा सोडवा

कायनेज म्हणजे एटीपीवरचं (पेशीचं ऊर्जेचं चलन) फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रोटीनला लावणारं एन्झाइम, आणि पाथवे म्हणजे अशी एकामागून एक चालू-बंद होत पेशीत निरोप पुढे नेणारी साखळी. टीवायला असताना या पाथवेचे बाणांचे चार्ट मी भिंतीला चिकटवून घोकायचो आणि पेपरात नेमके अर्धे बाण उलटे काढायचो. आता रत्नागिरीत क्लासला येणाऱ्या पोरांना सांगतो, चार्ट मिटा आणि कलमांच्या बागेत पाचोळ्यात फुरसं दिसल्यावर काय होतं ते आठवा. छातीत धडधड, आणि पाय तुमच्या आधी पळतात. हे अॅड्रेनलिनचं काम.

कागदावर पायाच्या स्नायूची एकच पेशी काढा. अॅड्रेनलिन आत शिरतच नाही, बाहेर रिसेप्टरला (पेशीच्या पडद्यावरचं निरोप घेणारं प्रोटीन) लागतं, तिथून आतल्या बाजूचं जी प्रोटीन, मग अॅडेनिलिल सायक्लेज नावाचं एन्झाइम, ते एटीपीपासून सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू बनवतं, आणि इथवर कायनेज कुठेच आलेलं नाही बघा, पोरं इथेच गंडतात. पहिलं कायनेज म्हणजे पीकेए (प्रोटीन कायनेज ए). त्याचे दोन कामाचे तुकडे दुसऱ्या दोन तुकड्यांनी दाबून ठेवलेले असतात, सायक्लिक एएमपी त्या दाबणाऱ्यांना चिकटलं की कामाचे सुटतात.

आता पुढच्या प्रत्येक बाणाशेजारी तीन गोष्टी लिहायच्या: फॉस्फेट कुठून आलं (एटीपीचं शेवटचं), कुठे लागलं (प्रोटीनमधल्या सेरीन, थ्रिओनीन की टायरोसीन या अमिनो आम्लाला), आणि लागल्यावर प्रोटीन चालू झालं की बंद. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. पीकेएने फॉस्फोरिलेज कायनेजला फॉस्फेट लावलं की ते चालू होतं, ते फॉस्फोरिलेज या तोडणाऱ्या एन्झाइमच्या १४ नंबरच्या सेरीनला लावतं आणि ग्लायकोजन (स्नायूतला साखरेचा साठा) तुटायला लागतं, पळायला इंधन मिळतं. पण तेच पीकेए ग्लायकोजन बनवणाऱ्या ग्लायकोजन सिंथेजच्या वाटेवर गेलं की तिथे काम बंद, कारण एकीकडे तोडायचं नि दुसरीकडे साठवायचं हा वेडेपणा झाला. फॉस्फेट म्हणजे चालू, हे डोक्यातून काढाच. (फॉस्फोरिलेजचं हे गणित फिशर आणि क्रेब्स यांनी सोडवलं, नोबेल मात्र १९९२ला.)

फुरसं निघून गेलं, मग बंद कोण करणार? फॉस्फोडायएस्टरेज सायक्लिक एएमपी मोडतं, फॉस्फटेज फॉस्फेट काढतं. हे दोघं लाल पेनाने काढा, नाहीतर चित्र अर्धवट.

सरावाला बीसीआर-एबीएल घ्या. ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल होऊन बनलेलं हे टायरोसीन कायनेज कायम चालूच राहतं, त्यातून क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर. २००१ला अमेरिकेत मंजूर झालेलं इमॅटिनिब हे औषध त्या कायनेजच्या एटीपीच्या खोबणीत जाऊन बसतं, म्हणजे तुमच्या तीनपैकी पहिल्याच प्रश्नावर घाव.