गरोदरपणातल्या तपासण्या, आणि ते ग्लुकोजचं पाणी

पाळी चुकली की पहिला सल्ला मिळतो, "तीन महिने कुणाला कळू देऊ नकोस." शेजारणीला कळू देऊ नका, माझी हरकत नाही. पण गावच्या आशाला किंवा उपकेंद्राच्या सिस्टरना सांगा, कारण नोंदणी आणि पहिली तपासणी १२ आठवड्यांच्या आत व्हायला हवी. अकरा वर्षं मी आशा म्हणून बायकांना आरोग्य केंद्रात नेते-आणते. चौथ्या-पाचव्या महिन्यात पहिल्यांदा उगवणाऱ्या निम्म्या जणी याच सल्ल्याच्या बळी असतात.

पुढच्या फेऱ्या १४ ते २६, २८ ते ३४ आणि ३६ आठवड्यांनंतर. चार ही कमीत कमी संख्या आहे. डॉक्टर जास्त वेळा बोलावतील तर जा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात डॉक्टर गरोदर बायकांना मोफत तपासतात. त्या दिवशी गर्दी असते, सकाळीच नंबर लावा.

पहिल्या फेरीत शेवटच्या पाळीची तारीख विचारतात. पाळी सुरू झाली तो पहिला दिवस सांगायचा. आठवत नसेल तर सण आठवा. "नागपंचमीच्या दोन दिवस आधी" एवढ्यावर आमच्या सिस्टर भिंतीवरचं कॅलेंडर उलटून तारीख लावतात. त्यात नऊ महिने सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख येते. ही तारीख चुकली तर पुढचं सगळंच चुकतं.

मग रक्त: गट, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ ब. गट निगेटिव्ह आला तर नवऱ्याचाही तपासून घ्या. धनुर्वाताच्या इंजेक्शनाला दंड पुढे करा, झालं.

वजन, लघवी आणि बीपी प्रत्येक फेरीला. जीपमधून उतरून धापा टाकत बीपीला बसू नका, पाच मिनिटं टेका. आणि आकडा विचारा. "बरं आहे" हे उत्तर घेऊन उठू नका. १४०/९० किंवा त्याच्या वर असेल तर डॉक्टरांना भेटल्याशिवाय घरी जायचं नाही. पोट तपासायच्या आधी लघवीला जाऊन या.

सोनोग्राफी म्हणजेच तपासणी असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, सोनोग्राफीत हिमोग्लोबिन दिसत नाही. १८ ते २० आठवड्यांची मात्र चुकवू नका, बाळाच्या अवयवांतले दोष त्याच वेळी नीट बघतात. तिथे फॉर्म एफ भरून सही घेतात. मुलगा की मुलगी हे विचारू नका, सासूबाईंनाही विचारू देऊ नका. तो गुन्हा आहे.

आता साखरेची चाचणी. हिच्यात मी स्वतः तोंडघशी पडलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

ही दोनदा होते. एक पहिल्याच फेरीत, आणि ती चांगली आली तरी दुसरी २४ ते २८ आठवड्यांत. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात विरघळवून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. सरकारी केंद्रातल्या या चाचणीला उपाशी यावं लागत नाही. पुन्हा सांगते, उपाशी यावं लागत नाही. खासगीत पुष्कळदा उपाशीपोटी बोलावून तीनदा रक्त घेतात. ती पद्धत निराळी आणि तिचे आकडेही निराळे.

माझ्या वेळी खासगीत उपाशी नेलं होतं, तेच माझ्या डोक्यात. आशा झाले त्या वर्षी वस्तीवरच्या एका पोरीला मी ठणकावलं, "चहासुद्धा घ्यायचा नाही." ती सहाला घरून निघाली. जीप मिळून केंद्रात पोचेपर्यंत साडेनऊ, केसपेपर होऊन ग्लास हातात येईपर्यंत अकरा. तिने डोळे मिटून ते गोडमिट्ट पाणी एका दमात घशाखाली घातलं, नळापाशी गेली, आणि सगळं बाहेर. आता उद्या पुन्हा यायचं, पुन्हा जीपचं भाडं. पदराने तोंड पुसत म्हणाली, "ताई, सिस्टरना नका ना सांगू." मी गप्प बसले. दोन तासांनी आकडा नव्वदच्या घरात, कार्डावर नॉर्मल. पोटात ग्लुकोज राहिलंच नव्हतं, तर साखर वाढणार कुठून?

आठव्या महिन्यात तिचं पोट दिवसांच्या मानाने मोठं लागलं, सोनोग्राफीत पाणी जास्त दिसलं. पुन्हा चाचणी केली तर १८६. डॉक्टर कार्ड उलटसुलट करत विचारत होते, आधीची नॉर्मल कशी? त्याचं उत्तर फक्त आम्हा दोघींकडे होतं.

तेव्हा माझं ऐका. घरून भाकरी-भाजी खाऊन निघा. ग्लुकोजचं पाणी पाच-दहा मिनिटांत घोट घोट संपवा. एका दमात नको आणि तासभर चघळतही नको. वेळ लिहून ठेवा, मी तर पेनाने तळहातावरच लिहिते. मग दोन तास बसून राहा. बाजारात चक्कर नाही, चहा-बिस्कीट नाही. उलटी अर्ध्या तासाच्या आत झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी नव्याने करायची, अर्ध्या तासानंतर झाली तर तीच पुढे चालते. दोन्ही वेळा सिस्टरना सांगायचंच.

आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर ती गरोदरपणातली साखर. रडू नका. आधी दोन आठवडे आहार बदलून बघतात, तेवढ्याने भागलं नाही तर औषध किंवा इन्सुलिन. "साखर बंद कर, गूळ खा" म्हणणाऱ्या मावशी प्रत्येक गल्लीत आहेत. गूळ म्हणजेही साखरच, बाई.

लोहाच्या गोळीने बाळ काळं होत नाही, शी काळी होते. ती गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका.

शेवटच्या फेरीत बाळाचं डोकं खाली आहे ना आणि बाळंतपण कुठे करायचं, हे विचारून घ्या. रक्तस्राव, पाणी जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता १०२ किंवा १०८ लावा.

जिला साखर निघाली होती, तिने बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासून घ्यायची असते. इथे जवळजवळ सगळ्या विसरतात. बाळाच्या दीड महिन्याच्या लसीला येतातच, त्याच खेपेला स्वतःचंही रक्त द्या. फक्त आदल्या दिवशी सिस्टरना फोन करून विचारा, कारण या चाचणीला मात्र उपाशी यावं लागतं.