मालदीवला पावसाळ्यात जाताय? व्हिला बुक करण्याआधी वारा बघा

जुलै-ऑगस्टचं मालदीवचं बुकिंग केलं म्हटलं की चार जण लगेच सांगायला येतात, अरे तिकडे आत्ता पावसाळा आहे, पैसे पाण्यात जाणार. त्यातल्या तिघांनी मालदीव फक्त इन्स्टावर बघितलेलं असतं. आणि दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, एवढं लक्झरी रिसॉर्ट आहे, पाऊस आला तर काय, रूममध्ये बसायचं, स्पा करायचा. मला विचाराल तर दोन्ही सल्ले बिनकामाचे. रूममध्येच बसायचं तर लोणावळा काय वाईट आहे, पासपोर्ट पण लागत नाही.

आधी पाऊस किती ते बघू. मुंबईत एकट्या जुलैमध्ये ८०० मिमीच्या वर पडतो. मालदीवच्या राजधानीत, मालेला, वर्षभराचा मिळून साधारण २००० मिमी आणि तो पण बारा महिन्यांत वाटून. आपल्यासारखी आठ-आठ दिवस झड लागलीय, कपडे वाळत नाहीयेत, असं तिथे सहसा होत नाही. सर येते, वीस-पंचवीस मिनिटं झोडपते, निघून जाते, मग तासभर लख्ख ऊन. अधूनमधून दोन-तीन दिवस सलग ढगाळ जातात तेही खरं, ते धरूनच चाला. तिकडचे जुने कोळी पण पावसाचा हिशोब आपल्या शेतकऱ्यांसारखा नक्षत्रांवरच ठेवत आलेत बरं का, तेरा-चौदा दिवसांचं एकेक नक्षत्र, आपल्या आर्द्रा-पुनर्वसूच्या जागी त्यांचं अधा आणि फुनोस. एखादा वयस्कर बोटवाला भेटला तर त्याला विचारून बघा, मोबाइलपेक्षा बरं सांगतो.

रेट ख्रिसमस-न्यू इयरच्या मानाने बरेच खाली असतात. फक्त किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं दिसली तर त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि १७ टक्के जीएसटी लागणार, शिवाय रिसॉर्टमध्ये माणशी रोज रात्रीचे १२ डॉलर ग्रीन टॅक्स. हे सगळं जोडून मगच स्वस्त की महाग ते ठरवा.

आता मुख्य मुद्दा, आणि बहुतेकांचं इथेच फसतं. पावसाने तुमचा जेवढा मूड जात नाही तेवढा वाऱ्याने जातो. मे ते ऑक्टोबर तिकडे वारा पश्चिमेकडून-नैऋत्येकडून येतो, आपल्याकडे येतो तोच मान्सून. बेट म्हणजे असतं केवढं, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत दहा-पंधरा मिनिटं. पण त्याच बेटाच्या पश्चिम बाजूला उभं राहिलात तर डोक्यावरची टोपी टिकत नाही, डेकवरच्या गाद्या स्टाफने आधीच आत नेऊन ठेवलेल्या, पाणी गढूळ, पाण्यात उतरायच्या शिडीला साखळी लावलेली. आणि त्याच वेळी पूर्वेच्या बाजूला पाणी सपाट, लोक निवांत कॉफी पीत बसलेले. एकच रिसॉर्ट, एकच दिवस.

गंमत अशी की रिसॉर्टवाले जादा पैसे कशाचे लावतात, तर सनसेट वॉटर व्हिलाचे. सनसेट म्हणजे पश्चिम. म्हणजे वर पैसे देऊन तुम्ही बरोब्बर वाऱ्याच्या तोंडावर जाऊन बसणार, आणि ज्या सूर्यास्तासाठी बसलात तो जुलैत बऱ्याच वेळा ढगाआड. मला हे कोणी सांगितलेलं नव्हतं. एका रिसॉर्टमध्ये, नाव जाऊ दे, आम्हाला मोठ्या कौतुकाने फ्री अपग्रेड म्हणून सनसेट साइड दिली, बेडवर फुलं, छोटा केक वगैरे. ते अपग्रेड पावसाळ्यात फुकट का मिळतं ते पहिल्याच रात्री कळतं, फरशीखालच्या खांबांवर लाटा धाडधाड आपटत असतात, आणि काचेचं दार थोडं उघडलं की पडदा थेट तोंडावर. झोप नाही. तेव्हापासून माझा नियम ठरलाय, जून ते सप्टेंबर सनराइज साइडच घ्यायची, ती बऱ्याचदा स्वस्त पण असते. काउंटरवर कोणी हसत हसत सनसेटला अपग्रेड करतो म्हणालं तर आपणही हसून नाही म्हणायचं.

बाजू ओळखायची कशी? रिसॉर्टच्या वेबसाइटवर जो रंगीत नकाशा असतो त्यावर अजिबात जाऊ नका, त्यात उत्तर दिशा पानात बसेल तशी फिरवलेली असते. सरळ गूगल मॅप्सला सॅटेलाइट व्ह्यू लावा, वर म्हणजे उत्तर. बेट शोधा आणि वॉटर व्हिलांची जेटी कुठल्या दिशेला निघालीय बघा. पूर्वेला किंवा ईशान्येला निघाली असेल तर उत्तम. एकाच जेटीच्या दोन्ही अंगांना व्हिला असतील तर अजून झूम करा, कुठल्या रांगेचे डेक पूर्वेकडे तोंड करून आहेत ते दिसतं. मग बेटाभोवतीची पांढऱ्या फेसाची रेघ शोधा, तिथे रीफ, म्हणजे पाण्याखालचा प्रवाळाचा बांध, आहे आणि मोठी लाट तिथेच फुटते, त्यामुळे ती रेघ व्हिलापासून जितकी लांब तितकं तुमचं पाणी शांत. शेवटी नकाशा झूम आउट करा. मालदीवची बेटं अटोलच्या, म्हणजे प्रवाळाच्या मोठ्या गोल रिंगणाच्या, काठावर बसलेली असतात. अटोलच्या पश्चिम काठावरच्या बेटाला उघड्या समुद्राची लाट थेट लागते, पूर्व काठावरच्या बेटाच्या आणि त्या लाटेच्या मध्ये अख्खं अटोल आडवं येतं.

हे सगळं बघून झालं की रिसॉर्टच्या रिझर्व्हेशनला मेल टाका, एजंटच्या भरवशावर राहू नका, त्याला नैऋत्य कुठे आणि ईशान्य कुठे याच्याशी देणंघेणं नसतं. मेलमध्ये गुळमुळीत काही लिहू नका, पावसाळ्यात येतोय, नैऋत्येच्या वाऱ्याच्या आडोशाची व्हिला हवी, कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंतच्या व्हिला आडोशाला आहेत ते कळवा, एवढं स्पष्ट विचारा. नंबर लेखी मिळाला पाहिजे. आम्ही पूर्ण प्रयत्न करू असं उत्तर आलं तर परत मेल करा, दुसऱ्या मेलला नंबर येतो.

अजून एक, फोटोतल्या बीचवर फार भरवसा नको. तिथली वाळू मोसमाप्रमाणे बेटाभोवती सरकत असते, नैऋत्य मान्सूनमध्ये पश्चिमेची पूर्वेकडे जाते, हिवाळ्यात परत येते. जानेवारीत काढलेल्या फोटोत जो रुंद पट्टा दिसतो त्या जागी ऑगस्टमध्ये झाडांची मुळं आणि वाळूच्या गोण्या असू शकतात. बीच व्हिला घेत असाल तरी पूर्वेचीच घ्या. आणि खरं सांगू का, पावसाळ्यात मला वॉटर व्हिलापेक्षा बीच व्हिलाच आवडते, झाडांचा आडोसा असतो आणि बाथरूम बहुतेक ठिकाणी वरून उघडं. गरम शॉवर खाली आणि गार पाऊस वरून, असली आंघोळ दुसरीकडे कुठे होत नाही. फक्त टॉयलेट पेपरचा रोल आधी कपाटात टाका, नाहीतर त्याचा लगदा होतो.

हवामानाचं ॲप बघून रडू नका. बेटं इतकी लहान आहेत की ॲपला ती नीट पकडताच येत नाहीत, त्यामुळे सातही दिवस ढग आणि वीज असं चित्र येतं आणि बायको विचारते कॅन्सल करायचं का. विंडी नावाच्या वाऱ्याच्या ॲपवर वेग आणि दिशा बघा, सॅटेलाइटवर ढगांचा पट्टा कुठून येतोय ते बघा. माझं गणित सोपं आहे, १५ नॉटच्या (ताशी साधारण २८ किमी) आत वारा असेल तर पाऊस असला तरी दिवस आपला, २५ च्या वर गेला तर त्या दिवशी बोटीत बसायचं नाही. मालदीवच्या हवामान खात्याचा यलो-ऑरेंज अलर्ट असला की रिसॉर्टवाले बऱ्याचदा स्वतःच बोटी बंद ठेवतात, तेव्हा त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

पावसात पाण्यात उतरायचं का? उतरायचंच, तेवढ्यासाठी तर गेलात. आडोशाच्या बाजूचा हाउस रीफ, म्हणजे बेटाला लागूनचाच रीफ, असेल, वारा कमी असेल, विजा नसतील तर पावसातल्या स्नॉर्कलिंगसारखी मजा नाही. पाणी २८-२९ डिग्री असतं, गारठते फक्त पाठ. खालून वर बघितलं की पाण्याचा अख्खा पृष्ठभाग टोचल्यासारखा हलत असतो, कानात बारीक तडतड चालू असते, आणि सर जोराची असेल तर वरचे चार-सहा इंच पाणी गार आणि धूसर लागतं कारण पावसाचं गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, हात खाली घातला की परत कोमट आणि स्वच्छ. माशांना ढिम्म फरक पडत नाही. पण गडगडाट ऐकू आला की तडक बाहेर, यात दोन मतं नाहीत. लाल झेंडा असेल तर पण नाही, आपण पोहण्यात कितीही तरबेज असलो तरी. रॅश गार्ड, म्हणजे पोहायचा अंगाला घट्ट बसणारा शर्ट, घाला, ढगातून पण ऊन लागतं, आणि ढगाळ दिवशी क्रीम लावायचं कोणाच्या लक्षात राहत नाही त्यामुळे तेव्हाच जास्त भाजून निघतात लोक.

आणि हा मोसम ज्याच्यासाठी करायचा ते म्हणजे मँटा रे, पंख पसरल्यासारखा पोहणारा भला मोठा चपटा मासा. नैऋत्येच्या वाऱ्याने प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, अटोलच्या पूर्व काठाला गोळा होतं आणि त्याच्यामागे मँटा येतात. पाणी थोडं कमी स्वच्छ दिसतं ते त्या प्लँक्टनमुळेच, त्यावरून कुरकुर करायची नाही. बा अटोलमधला हनिफारू बे यासाठी जगात प्रसिद्ध आहे, ते अटोल २०११ पासून युनेस्कोचं बायोस्फिअर रिझर्व्ह आहे. तिथे स्कूबाला बंदी, फक्त स्नॉर्कलिंग, सोबत परवानाधारक गाइड, आणि पाण्यात ४५ मिनिटं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास भरतीचा जोर असतो तेव्हा चान्स जास्त, म्हणून तारखा ठरवताना कालनिर्णय उघडा. बुकिंग पहिल्याच दिवशी करा, शेवटच्या दिवसावर टाकू नका, वाऱ्याने रद्द झालं तर पुढचा दिवस हाताशी राहतो. रद्द झाल्यावर पैसे परत की क्रेडिट तेही आधी विचारून घ्या. हीरो लोक मँटाला हात लावायला जातात, कृपया तुम्ही जाऊ नका.

स्पाचं एकच सांगतो, सर आली की सगळं बेट तिकडे पळतं, त्यामुळे दुपारचा स्लॉट आदल्या रात्रीच धरून ठेवा.

खाण्याचं मात्र नीट ऐका. पाऊस पडत असताना बुफेतला कोमट पास्ता खाऊ नका. शेफला सकाळीच सांगून ठेवा की दुपारी हेधिका पाहिजे, म्हणजे तिकडचे चहाबरोबरचे तळलेले पदार्थ, ट्यूना-खोबरं भरलेले गोळे, समोशासारखं बजिया, सोबत काळा गोड चहा. मेनूत नसलं तरी स्टाफच्या किचनमध्ये ते होतंच, प्रेमाने मागितलं की मिळतं. रात्री गारुधिया मागा, ट्यूनाचं पातळ सार, लिंबू-मिरची-कांदा वरून घालायचा, भाताबरोबर. मासे खाणाऱ्या मालवणी माणसाला दुसरं काही नको. शाकाहारी असाल तर ट्यूना नको हे तीनदा सांगा, त्यांच्या लेखी ट्यूना जवळजवळ भाजीतच जमा आहे.

बाकी किरकोळ. ओडोमॉस न्या, पावसानंतर संध्याकाळी झाडीत डास असतात. कॅमेरा एसीतून एकदम बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, अर्धा तास आधी बॅगेसकट डेकवर ठेवा. लाकडी जेटीवर ओल्या पायाने पळायचं नाही, मुलांना तर अजिबात पळू द्यायचं नाही.

शेवटचं ट्रान्स्फरचं, म्हणजे विमानतळ ते रिसॉर्ट प्रवासाचं. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं आणि ढग खाली आले की थांबतं, त्यामुळे माले विमानतळावर दोन-तीन तास बसायची तयारी ठेवा. मुंबईहून सकाळची फ्लाइट घ्या, दुपारी उशिरा उतरलात तर त्या दिवशी सीप्लेन मिळणार नाही आणि रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमालेच्या हॉटेलात जाईल. परतीच्या दिवशी तर सीप्लेन आणि मुंबईची फ्लाइट यांच्यात चार-पाच तासांचं अंतर ठेवाच, रिसॉर्टने सांगितलं की दोन तास पुरतात तरी. बऱ्याच रिसॉर्टचं घड्याळ मालेच्या एक तास पुढे असतं, पिकअपची वेळ कुठल्या घड्याळाची ते रिसेप्शनला विचारून लिहून घ्या. आणि सामान २० किलो अधिक हातातलं ५ किलो एवढंच चालतं, ओले स्विमसूट आणि टॉवेल धरून, म्हणून आदल्या रात्रीच एसी १८ वर टाकून सगळं खुर्च्यांवर पसरून ठेवा.