हाय-गेन ॲम्पच्या ट्यूब बदलताना

गिटारच्या हाय-गेन (भरपूर डिस्टॉर्शन देणाऱ्या) ट्यूब ॲम्पमध्ये सगळ्यात जास्त विचार करायचा तो पहिल्या प्रीॲम्प ट्यूबचा (सिग्नल सुरुवातीला वाढवणाऱ्या छोट्या ट्यूबचा), म्हणजे व्ही१ चा. गिटारचा इवलासा सिग्नल आधी तिच्यात शिरतो आणि तिची खरखर पुढच्या गेन स्टेज (सिग्नल वाढवणारे टप्पे) हजारो पटींनी वाढवतात. म्हणून इथे ‘जास्त गेन’च्या जाहिरातीला भुलू नका, कमी नॉइजची म्हणून तपासून दिलेली १२एएक्स७ घ्या (ईसीसी८३ म्हणजे तीच). कॉम्बोमध्ये (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) स्पीकरच्या हादऱ्याने लांब प्लेटची (प्लेट म्हणजे ट्यूबच्या आतला धातूचा पत्रा) ट्यूब शिट्टी मारू लागते, तिथे आखूड प्लेटची बरी.

गेन चढवून, व्हॉल्यूम बेताचा ठेवून ट्यूबवर पेन्सिलने टिचकी मारा. नुसती टकटक ऐकू आली तर ठीक. आवाज घुमत राहिला तर ती व्ही१ मधून काढा, पण फेकू नका. फेज इन्व्हर्टरला (पॉवर ट्यूबना सिग्नल वाटून देणाऱ्या टप्प्याला) ती बहुधा चालून जाते. पण कॅथोड फॉलोअरच्या (कॅथोडवरून सिग्नल पुढे देणाऱ्या टप्प्याच्या) जागी कॅथोडवर, म्हणजे ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागावर, दीडशे व्होल्टहून जास्त असू शकतात. हीटर (कॅथोड तापवणारी तार) आणि कॅथोडमधलं इन्सुलेशन कच्चं असेल तर तिथे हम (घुंऽऽ असा आवाज) येतो. डिस्टॉर्शन फारच दाट वाटलं तर व्ही२ ला (दुसऱ्या प्रीॲम्प ट्यूबच्या जागी) ५७५१ ही ट्यूब लावून बघा: १२एएक्स७ चा गुणक (सिग्नल किती पट वाढवू शकते तो आकडा) १००, हिचा ७०.

पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणाऱ्या) मात्र ॲम्पला सांगितलेल्याच प्रकारच्या, जुळवलेल्या (सारखाच करंट घेणाऱ्या) आणि सगळ्या एकदम बदला. ६एल६जीसीच्या जागी ईएल३४ सरळ खोचू नका. तिचा हीटर ०.९ ऐवजी १.५ अँपिअर ओढतो, म्हणजे चार ट्यूबना ३.६ ऐवजी ६ अँपिअर. ट्रान्सफॉर्मरला ते झेपेलच असं नाही. शिवाय तिची १ नंबरची पिन ८ ला जोडलेली लागते.

बायस म्हणजे सिग्नल नसताना ट्यूबमधून किती करंट वाहावा हे ठरवणारा व्होल्टेज. फिक्स्ड बायस (हा व्होल्टेज वेगळा पुरवलेला) असेल तर नव्या ट्यूबबरोबर तो लावावाच लागतो. प्लेटवर ४५० व्होल्ट आणि ईएल३४ च्या प्लेटने सोसायची मर्यादा २५ वॉट धरली, तर तिचे ७० टक्के १७.५ वॉट, भागिले ४५०, म्हणजे प्रत्येक ट्यूबला जास्तीत जास्त ३९ मिलिअँपिअर. कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर असेल तर त्यावरचा १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर. यात स्क्रीनचा (ट्यूबमधल्या आणखी एका जाळीचा) करंटही मोजला जातो, त्यामुळे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होते.

ॲम्प बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) ४००-५०० व्होल्ट उरलेले असू शकतात. ते उतरवता येत नसतील तर चॅसिस उघडू नका, बायस तंत्रज्ञाकडून लावून घ्या. स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प सुरू करू नका. प्लेट लालबुंद दिसली तर तत्काळ बंद करा: बायस कमी पडलाय किंवा ट्यूबच खराब आहे. काही तास वाजवून झाल्यावर बायस पुन्हा मोजा, नव्या ट्यूबचा तो थोडा सरकतो.