थकबाकीदाराची ओळ आपोआप लाल करा: गुगल शीट्समधले कंडिशनल फॉरमॅटिंग

सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब शीटमध्ये आला, तरी कोणाचे पैसे राहिलेत हे बहुतेक खजिनदार अजून स्क्रीनवर बोट फिरवूनच शोधतात. हे काम शीटवर सोपवता येते. ठरवलेली अट पूर्ण झाली की सेलला आपोआप रंग देणाऱ्या सोयीला कंडिशनल फॉरमॅटिंग म्हणतात.

समजा ए कॉलममध्ये फ्लॅट, बी-त नाव, सी-त रक्कम, डी-त भरण्याची शेवटची तारीख आणि ई-त पैसे मिळाल्याची तारीख आहे.

१. मथळ्याची ओळ सोडून ए२ ते ई६१ निवडा.

२. फॉरमॅट मेनूतून कंडिशनल फॉरमॅटिंग उघडा. उजवीकडे पट्टी येईल.

३. अटींच्या यादीत अगदी तळाशी 'कस्टम फॉर्म्युला इज' आहे, तो घ्या.

४. हे सूत्र टाका (इथे उच्चाराप्रमाणे दिले आहे, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत करा):

=अँड($डी२<>"", $डी२<टुडे(), $ई२="")

म्हणजे शेवटची तारीख लिहिलेली आहे, ती उलटून गेली आहे आणि पैसे आलेले नाहीत. पहिली अट गाळू नका. रिकामा सेल शून्य धरला जातो, त्यामुळे खालच्या कोऱ्या ओळीही लाल होतात.

५. फिकट लाल रंग निवडून 'डन' दाबा. गडद रंगावर आकडे वाचता येत नाहीत.

खरी मेख डॉलरच्या चिन्हात आहे. अक्षराआधी डॉलर असला की कॉलम पक्का राहतो आणि ओळ मोकळी. तो विसरलात तर नावाचा सेल डी-ऐवजी ई तपासतो, आणि ज्यांनी पैसे भरले त्यांचीच नावे लाल होतात! वार्षिक सभेच्या आधी हे तपासलेले बरे.

सूत्र बरोबर असूनही रंग येत नसेल तर तारखा बघा. सेलमध्ये डावीकडे चिकटलेली तारीख बहुधा नुसता मजकूर असते. फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकेल (कोणत्या देशाच्या पद्धतीने तारखा वाचायच्या ते) अमेरिकेचे असेल तर २५/०७ तारीख म्हणून ओळखलीच जात नाही, आणि ०५/०७ चा अर्थ ७ मे होतो. लोकेल भारत करा, तारखा पुन्हा टाका.

मुदत जवळ आलेल्यांसाठी पिवळा नियमही जोडता येतो. एका सेलला दोन नियम लागू पडले आणि दोन्ही रंग देत असले, तर यादीत वरचा नियम जिंकतो. क्रम ओढून बदलता येतो.

एक्सेलमध्ये हेच होम टॅबवर, 'न्यू रूल'मध्ये सापडते. सूत्र तेच चालते.

आणि बाहेरून आकडे चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा. साध्या पेस्टने दुसऱ्या शीटचे नियमही सोबत येतात, आणि महिन्याभरात पट्टीत नियमांची भलीमोठी यादी तयार होते.