काळ्या रानाच्या गाऱ्यातून मागच्या चाकांची गाडी

केळी कापली की माल त्याच दिवशी रस्त्यावर यायला हवा. पाऊस लागला म्हणून घड थांबत नाहीत. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात वावरापासून डांबरापर्यंतचा शेवटचा तुकडा बहुतेक काळ्या मातीच्या शिवाररस्त्याचा असतो, आणि गाडी अडकते ती तिथेच. बोलेरो, पिकअप, ईको, छोटा हत्ती या गाड्यांत फोर बाय फोरची मॉडेलं सोडली तर ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते.

गाडी रिकामी असताना तिचं बरंचसं वजन पुढच्या चाकांवर असतं. ज्या चाकांनी ढकलायचं, तीच हलकी पडतात. शिवाय साध्या डिफरन्शियलमध्ये (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा एक्सलवरचा गोळा) ज्या चाकाची पकड कमी, तेच फिरत राहतं. डावं चाक गारा उडवतं आणि उजवं जागचं हलत नाही. काळी माती ओली झाली की फुगते आणि चिकट होते. टायरच्या खाचा तिने भरल्या की नवा टायरही गोटा झालेल्या टायरसारखा घसरतो.

म्हणून गाडी घालण्याआधी खाली उतरून रस्ता पाहा. चाकोरीत पहार दाबा. तीन-चार इंचांवर ती टणक थराला लागली तर वरचा गारा फक्त निसरडा आहे, गाडी निघेल. वीतभर आत गेली आणि तरी टणक लागलं नाही, तर भरलेली गाडी आत नेऊ नका. घड ट्रॅक्टर-ट्रॉलीने डांबरापर्यंत आणून तिथे पिकअपमध्ये भरा. हमाली थोडी वाढते, पण रुतलेली गाडी आणि उन्हात तापणारा माल त्याहून महाग पडतो. पाऊस उघडल्यावर दोन-तीन दिवस ऊन मिळून वाफसा आला की तोच रस्ता वेगळा होतो. चपलेला माती चिकटते तोवर ती टायरलाही चिकटणार.

मागे वजन टाकायचं का, याचं उत्तरही पहारच देते. खाली टणक थर असेल तर रिकाम्या पिकअपमध्ये चाळीस-पन्नास किलोच्या वाळूच्या चार गोण्या टाका. त्या मागच्या एक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे ठेवून दोरीने आवळा. अगदी फाळक्याला टेकवल्या तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टीअरिंग फिरवलं तरी गाडी वळत नाही. खोल गाऱ्यात मात्र हेच वजन गाडी खाली दाबतं, तिथे गोण्या उतरवलेल्या बऱ्या. वजन म्हणून मागे माणसं उभी करू नका. गाडी आडवी झाली की आधी तीच फेकली जातात.

टायरची हवा कमी केली की टायर पसरतो आणि कमी रुततो. तीसच्या आसपास पीएसआय असणारी बोलेरो वीस-बावीसवर आणा, त्याखाली नको. फार कमी हवेवर ट्यूबलेस टायर वळणावर रिमवरून सुटतो. भरलेल्या पिकअपची हवा मुळीच कमी करू नका, टायरच्या बाजूच्या भिंती फाटतात. बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीतच ठेवा आणि डांबराला लागण्याआधी हवा पुन्हा पूर्ण भरा.

सपाट निसरड्या तुकड्यावर दुसऱ्या गिअरमध्ये निघा. पहिल्यात चाकाला एकदम जास्त ताकद मिळते आणि ते फिरतं. डिझेल गाडी बाराशे ते पंधराशे आरपीएमवर शांतपणे ओढते. मध्येच गिअर बदलू नका, क्लच अर्धा दाबून चालवू नका आणि थांबू नका. गाडी मंदावतेय असं वाटलं तर ॲक्सिलरेटर वाढवण्याऐवजी स्टीअरिंग दोन्ही बाजूंना थोडं-थोडं हलवा. पुढच्या टायरच्या कडांना नवी माती धरायला मिळते. गाडीला ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर खोल गाऱ्यात ते बंद करा. चाक फिरलं की ते इंजिनची ताकद कापतं आणि गाडी आहे तिथेच बसते. बाहेर पडल्यावर पुन्हा चालू करा.

ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या खोल असतात. बोलेरोचा ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचं पोट यांतली मोकळी उंची) १८० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम सात इंच. चाकोरी त्याहून खोल असेल तर मधला उंचवटा डिफरन्शियलला लागतो आणि चाकं हवेत फिरतात. अशा वेळी एक बाजू उंचवट्यावर आणि दुसरी कडेच्या गवतावर ठेवून चालवा. मात्र कडेला चारी, म्हणजे पाण्याचा चर, असेल तर हा मार्ग घेऊ नका.

मागचा भाग सरकायला लागला की ब्रेकवर पाय जातोच, तो आवरा. ॲक्सिलरेटर हळू सोडा आणि मागचा भाग ज्या बाजूला जातोय त्याच बाजूला स्टीअरिंग फिरवा. गाडी सावरू लागली की लगेच सरळ करा, नाहीतर ती उलट बाजूला झोकांडी खाते. नाल्यात उतरताना दुसरा किंवा पहिला गिअर उतारावर लागण्याआधीच टाका. निसरड्या उतारावर एकदम खालचा गिअर टाकला तर इंजिन मागची चाकं अडवतं आणि गाडी आडवी होते. हँडब्रेकनेही तेच होतं. चढावर मागच्या चाकांचा फायदा आहे, कारण वजन आपोआप मागे येतं. तरी चढ अर्ध्यात राहिला तर गाडी वळवू नका. रिव्हर्स टाकून सरळ मागे या. नाल्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर हे कौशल्य कामाचं नाही. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलू शकतं आणि दोन फुटांत पिकअपही वाहून जाते.

गाडी रुतलीच तर चाक फिरवत बसू नका. दर फेऱ्याला ते आणखी खाली जातं. आधी फावड्याने मागच्या चाकांपुढचा गारा उतार करून काढा, डिफरन्शियलखालचाही काढा. हँडब्रेक दोन-तीन खाचा ओढून हळू निघून पाहा. तो मागच्याच चाकांवर लागतो, त्यामुळे मोकळं फिरणारं चाक थोडं अडतं आणि दुसऱ्याकडे ताकद जाते. निघाली की लगेच सोडा, ड्रम तापतो. जमलं नाही तर दीड फूट चौकोनी जाड फळीवर जॅक ठेवून चाक उचला. फळीशिवाय जॅकच जमिनीत जातो. उचललेल्या गाडीखाली कुणी हात-पाय घालू नये. चाकाच्या खड्ड्यात विटांचे तुकडे, मुरूम किंवा गोण्यांतली वाळू भरा आणि वर बारदान अंथरा. केळीची पानं आणि खांब घालू नका. त्यांत पाणी भरलेलं असतं, चाकाखाली चेंगरले की आणखी घसरतं. कपाशीच्या पऱ्हाट्यांची जुडी आडवी टाकली तर चालते, पण तिरप्या छाटलेल्या बुंध्यांची टोकं टायरकडे येऊ देऊ नका. निघताना गाडीच्या मागे कुणी उभं राहायचं नाही, बारदान आणि दगड जोरात मागे फेकले जातात.

ट्रॅक्टरने ओढायचं तर शक्यतो आलेल्या वाटेने मागेच ओढा, ती वाट दबलेली असते. दोर टोचनच्या हुकाला बांधा, बंपरला कधीच नाही. दोराच्या मधोमध ओलं पोतं टाका, तुटला तर तो कमी उडतो. दोराच्या लांबीइतक्या अंतरात माणूस नको. झटका न देता दोर आधी ताणू द्या.

डांबरावर आल्यावर पहिले काही मीटर हळू चालवा आणि ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून पाहा. पुढे वेग वाढल्यावर स्टीअरिंग थरथरलं तर रिमच्या आत माती बसली आहे. ती त्याच संध्याकाळी पाण्याने काढा, वाळली की दगड होते. प्रॉपेलर शाफ्टचे (इंजिनची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, धुऊन, जिथे ग्रीसचे निपल आहेत तिथे जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरा. रात्री गाडी हँडब्रेकवर न ठेवता गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा, कारण ओल्या ड्रममध्ये ब्रेकचे लायनर चिकटून बसतात.