आधी विचारा: या रेणूचं पाण्याशी कसं जमतं?

जैवरेणूंचा धडा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना दोनदा भेटतो. अकरावीच्या जीवशास्त्रात एकदा आणि बारावीच्या रसायनशास्त्रात पुन्हा. कर्बोदकं, प्रथिनं, मेद आणि न्यूक्लिक आम्लं ही चार नावं तोवर तोंडपाठ झालेली असतात. तरीही बी.एस्सी.ला बायोकेमिस्ट्री घेतलेली मुलं पहिल्या सत्रात याच धड्याशी अडतात, हे मी प्रॅक्टिकल घेताना दरवर्षी बघते. ग्लुकोजची रचना काढता येते, वीस अमिनो आम्लांची नावं घडाघडा येतात; पण पेशीपटल आपोआप कसं तयार होतं असं विचारलं की सगळे गप्प.

मी बी.एस्सी.ला असताना आमच्या एक मॅडम व्हायवात कुठल्याही रेणूबद्दल पहिला प्रश्न एकच विचारायच्या: "याचं पाण्याशी कसं जमतं?" रचना त्यानंतर, नाव तर सगळ्यात शेवटी. या विषयात नव्याने येणाऱ्यांना मीही हाच रस्ता सांगते. पेशीच्या वजनातला सुमारे 70 टक्के भाग पाण्याचा असतो. उरलेले सगळे रेणू त्या पाण्यातच घडी घालतात, जुळतात, तुटतात. त्यामुळे पाणी सोडून त्यांचा अभ्यास करता येत नाही.

मेदाचं उदाहरण घ्या. फॉस्फोलिपिडच्या एका टोकाला फॉस्फेट असतं, त्याला पाणी चालतं. दुसऱ्या बाजूला मेदाम्लांच्या दोन लांब शेपट्या असतात, त्यांचं पाण्याशी जमत नाही. असे असंख्य रेणू पाण्यात आले की शेपट्या आत आणि डोकी बाहेर असा दुहेरी थर आपसूक तयार होतो. पेशीपटलाचा पाया हाच. तो जुळवायला एन्झाइम लागत नाही. डीएनएमध्येही तेच तत्त्व दिसतं: विद्युतभारित फॉस्फेट बाहेर, पाण्याच्या बाजूला आणि चपट्या बेसच्या जोड्या आत, एकमेकींवर रचलेल्या.

कर्बोदकांसाठी पहिल्या वर्षाची आयोडीनची टेस्ट नीट बघा. जर्नलमध्ये 'निळा रंग, स्टार्च आहे' एवढंच लिहून पुढे जाऊ नका. ती निळी झालेली टेस्ट ट्यूब हलकेच गरम करा, रंग उडतो. नळाखाली धरून गार करा. रंग परत येतो. स्टार्चमधल्या अमायलोजची साखळी स्प्रिंगसारखी वळलेली असते आणि आयोडीन त्या वळणाच्या आत बसतं. उष्णतेने वळण सैल होतं, गारव्याने पुन्हा जमतं. सेल्युलोजही ग्लुकोजचंच बनलेलं असतं. फक्त ग्लुकोज जोडणारे बंध अल्फाऐवजी बीटा असतात. तेवढ्याने साखळ्या सरळ होतात, शेजारी शेजारी घट्ट बांधल्या जातात आणि पाण्याला आत शिरायला वाव राहत नाही. तांदूळ शिजवून पेज होते, कापूस कितीही उकळला तरी कापूसच राहतो.

आता प्रथिनं. इथे घाई करू नका. वीस अमिनो आम्लं मुळाक्षरांच्या क्रमाने पाठ करण्यापेक्षा स्वतःच्या हाताने तक्ता करा: पाणी टाळणारी, पाणी मानवणारी, धनभारित आणि ऋणभारित. ग्लायसिन, प्रोलिन आणि हिस्टिडिन यांच्यासाठी वेगळी टीप लिहा, कारण ती तिन्ही आपापल्या परीने वेगळी वागतात. हा तक्ता अंगवळणी पडला की एका अमिनो आम्लाची बदली काय करू शकते ते समजू लागतं.

मला ते एम.एस्सी.नंतर विदर्भातल्या सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशींच्या एका आनुवंशिक आजाराच्या, तपासणीच्या कामात समजलं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं असतात. सिकलसेलमध्ये त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. जनुकात जीएजीचं जीटीजी झालेलं असतं, म्हणजे फरक एकाच अक्षराचा. पण ग्लुटामिक आम्ल ऋणभारित आणि व्हॅलिन पाणी टाळणारं. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की हे व्हॅलिन पाण्यापासून दूर, शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतं. असे रेणू एकमेकांना जोडत लांब तंतू होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते.

सोल्युबिलिटी टेस्टमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, सॅपोनिन आणि सोडियम डायथायोनाइट असतं. पहिलं पेशी फोडतं, दुसरं ऑक्सिजन काढून घेतं. त्यात थोडं रक्त टाकून काही मिनिटं थांबायचं आणि ट्यूबमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. साधं हिमोग्लोबिन असेल तर रेघा स्वच्छ दिसतात. सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रव गढूळ होतो आणि रेघा दिसेनाशा होतात. वाहक (ज्याच्यात बिघडलेलं जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं) आणि रुग्ण दोघांचीही ट्यूब गढूळ होते, म्हणून पुढे इलेक्ट्रोफोरेसिस करावं लागतं, म्हणजे विजेच्या प्रवाहात रेणू त्यांच्या भाराप्रमाणे वेगळे करावे लागतात. तिथे अल्कली बफरमध्ये सिकल हिमोग्लोबिन (एस) साध्या हिमोग्लोबिनच्या (ए) मागे राहतं, कारण त्याचा ऋणभार कमी झालेला असतो. वाहकात ए आणि एस असे दोन्ही पट्टे दिसतात. सिकलसेल असलेलं मूल आणि त्याचे आईवडील समोर बसलेले असताना हे पट्टे वाचावे लागतात. त्यामुळे ते का सरकतात हे पक्कं माहीत असायलाच हवं.

करिअरचं बोलायचं तर सीएसआयआर-नेट या संशोधन आणि प्राध्यापकीसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या लाइफ सायन्सेसच्या अभ्यासक्रमातलं पहिलं युनिटच रेणू आणि त्यांच्या परस्परसंबंधांवर आहे. प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते ते दाखवणारा रामचंद्रन प्लॉट त्यातच येतो. जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 1963 मध्ये मद्रास विद्यापीठातून मांडला. पॅथॉलॉजी लॅबमध्ये जायचं असेल, तर डीएमएलटीसारखी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) पात्रता लागते का याची चौकशी आधीच करून ठेवा.

आणि बफर स्वतः बनवायला शिका. वजन करणं, पीएच मीटर कॅलिब्रेट करणं, आम्ल थेंबाथेंबाने टाकणं. सराव म्हणून दुधावर प्रयोग करा: कोमट दुधात पातळ केलेलं ॲसेटिक आम्ल हळूहळू घाला आणि पीएच बघत राहा. 4.6 च्या आसपास केसिनवरचा एकूण भार शून्य होतो, त्याचं पाण्याशी जमेनासं होतं आणि गुठळ्या खाली बसतात. हेच केसिन गाळून, धुऊन पुढच्या आठवड्याच्या बाययुरेट टेस्टला, म्हणजे प्रथिन ओळखण्याच्या चाचणीला, वापरता येतं.